तुमच्या नंबरावरचा कॅमेरा

प्रिय आत्याबाई,

सासूला 'प्रिय' लिहितात का, मला माहीत नाही. तुमच्या हयातीत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. एका चुलीवर जेवणाऱ्या बायका एकमेकींना पत्रं कशाला लिहितील! पण आज सकाळी असं काही झालं की कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला चैन पडेना, आणि ज्यांच्याशी बोलायचं त्या तर तुम्हीच.

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. आज शेजारच्या वैशालीचं डोहाळजेवण आहे, दुपारी चारला, त्यांच्याच अंगणात. फोटो मी काढणार आहे. म्हणून तुम्ही आजारी पडल्यापासून कपाटात ठेवलेला कॅमेरा बाहेर काढला, बॅटरी घातली, ओट्यावर उभी राहून डोळ्याला लावला. बघते तर समोरचं सगळं धुरकट! गुलाबाचे वाफे, विहीर, पंपाची खोली, काही म्हणजे काही धड दिसेना. मग अंगठा आपोआप बघायचं भिंग डोळ्याला जुळवणाऱ्या कडेच्या त्या बारीक दातेरी चाकावर गेला. चाक पार टोकाला फिरवलेलं होतं. माझ्या डोळ्याला ते तिथं कधीच लागत नाही. तो तुमच्या डोळ्याचा नंबर.

म्हणजे तुम्ही कॅमेऱ्याला पुन्हा हात लावलात! मी चारचौघींत 'हात लावू नका' म्हणून ओरडल्यावरसुद्धा! आत्याबाई, मी तिथंच ओट्यावर बसले, आधी हसले आणि मग रडले. आत चहा उतू गेला, त्याचंही भान राहिलं नाही.

तुम्हाला आठवतं, हा कॅमेरा घ्यायचं ठरवायलाच मला दीड वर्ष लागलं? लग्नात आणलेला माझा जुना रोलचा कॅमेरा होता, आणि त्यातले शेवटचे तीन फोटो तुम्ही कधी संपवू द्यायच्या नाहीत. "ऱ्हाऊ दे, सणाला व्हतील." दसऱ्याचा रोल होळीला धुवायला जायचा! पण बायकांच्या कार्यक्रमात बाप्या फोटोग्राफर आला की सगळ्या कशा पदर सावरून ताठ उभ्या राहतात, ते मी बघत होते. मी काढले तर? हे मी घरात बोलले तेव्हा तुमचे चिरंजीव म्हणाले, "आधी खुडणी तर वेळेवर होऊ दे." आणि तुम्ही, ज्यांच्याकडून मला काडीची आशा नव्हती, भाकरी थापता थापता म्हणालात, "कर की. पण हत्यार चांगलं घे."

झालं! तिथून माझी झोप उडाली. वाचनालयात जाऊन मासिकं चाळली, वही भरली. मेगापिक्सेल किती, झूम किती, लेन्स बदलता येते का, कार्ड कुठलं. जितकं वाचावं तितका गोंधळ वाढत होता. कॅमेरा एकदाच मिळणार होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. चुकीचा निघाला असता तर 'शैलाचं खूळ' म्हणून कपाटात गेला असता, आणि मी पुन्हा जन्मभर गुलाबाच्या जुड्या बांधत बसले असते. त्यात वाईट काही नाही हो. पण मला ते दुसरं हवं होतं, फार हवं होतं.

शेवटी दोन हजार सहा साली आपण एम.जी. रोडवरच्या त्या दुकानात गेलो. तुम्ही बरोबर येणार म्हटल्यावर मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पण आपल्या घरात तुमच्या हाताखालून गेल्याशिवाय कुठलंच हत्यार कधी आलं नाही. साधं खुरपं घ्यायचं तर बाजारात दहा खुरपी हातात धरून, मनगट फिरवून, मूठ दाबून बघणार, मग "हे" म्हणणार. विकणारा कंटाळून बिडी पेटवायचा.

दुकानदाराने दोन कॅमेरे पुढे ठेवले. एक चकचकीत, पुढे लांब नाक आलेला. "मॅडम, बारा एक्स झूम! लांबचं एकदम जवळ. बिगिनरला हाच बेस्ट." दुसरा काळा, जाडजूड, लेन्स काढून बदलता येणारा. झूम अगदीच बेताचं. तुमचे चिरंजीव घरूनच सांगून आले होते, ज्याचं झूम जास्त तो घे. मला वही दुसऱ्याकडे ओढत होती आणि धीर होत नव्हता. ते स्वतः मोटारसायकलजवळ रस्त्यापलीकडे थांबलेले. मी एकदा हा उचलते, एकदा तो. दुकानदार जांभई देतोय. आणि तुम्ही माझ्या हातातून पहिला कॅमेरा काढून घेतलात, खुरपं तोलावं तसा तोललात आणि भर दुकानात मोठ्यांदा म्हणालात, "पोकळ हाय ह्यो."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग तुम्ही दुसरा उचललात. मनगट फिरवलंत. "ह्याची मूठ बसती." दुकानदाराला गंमत वाटली. "आजी, डोळा लावून बघा की," तो म्हणाला. मी तुम्हाला बटण दाखवलं, अर्धंच दाबायचं, टोमॅटो पिकलाय का बघतो तसं हळूच. ते तुम्हाला पहिल्याच फटक्यात जमलं. मला पुढे घरी जमायला आठवडा लागला! पण तुम्ही म्हणालात, "धुरकट दिसतंय." आणि तुमच्या बोटांना कुठं दम असतो? एखादी कळ, एखादा स्क्रू सापडला की फिरवलाच पाहिजे. तुम्ही ते चाक फिरवलंत.

आणि तुम्ही दाराकडे चालू लागलात.

मी आधी लक्ष दिलं नाही. बघते तर तुम्ही दुकानाच्या दारात जाऊन उभ्या, कॅमेरा डोळ्याला, पट्टा दुकानदाराच्या हातात, तो बिचारा मागे मागे ओढला जातोय. "अगं बाई!" तुम्ही म्हणालात. "अगं बाई बाई बाई! शैले, खांबांना तारा हायेत!"

मला वाटलं, थट्टा करताय. विजेच्या खांबांना तारा नसतील तर काय असेल? पण तुमचा आवाज थट्टेचा नव्हता. तुम्ही एकेक वाचत सुटलात, चौथी शिकलेल्या बाईने शाळेत वाचावं तसं अक्षर लावून. पलीकडच्या दुकानाची पाटी. बसच्या कपाळावरचं गावाचं नाव. तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेली साडी, आणि तिच्या काठावरची कुयरी! मध्येच कॅमेरा खाली घ्यायच्या, नुसत्या डोळ्यांनी बघायच्या, पुन्हा वर लावायच्या. "ह्यातून दिसतंय. असं नाय दिसत. असं का गं?"

मग तुम्हाला रस्त्यापलीकडे तुमचा मुलगा दिसला. तुम्ही कितीतरी वेळ बघत राहिलात. मला वाटलं, आता हसाल, हात कराल. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "संपत लय थकलाय गं. माझ्याजवळ येतो तवा हसतो. लांबून असा दिसतो व्हय?"

आत्याबाई, तुम्ही तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होतात. अठ्ठावन्न वर्षं तुम्हाला चार हातांपलीकडचं माणूस ओळखू येत नव्हतं, आणि हे आपल्या घरात कुणालाही माहीत नव्हतं! तुम्हाला स्वतःलासुद्धा! "लांबचं धुरकटच असतं, समद्यांनाच," तुम्ही म्हणालात, इतक्या साधेपणानं की दुकानदारानं पट्टा सोडून दिला.

कळणार तरी कसं होतं? जवळचं तुमच्याइतकं कुणालाच दिसत नव्हतं. गुलाबाच्या पानामागचा लाल कोळी, मोहरीहून बारीक, तुम्ही नुसत्या डोळ्याने दाखवायच्या. साठीला आलेली बाई पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवायची. सगळं मखमलाबाद गाव म्हणायचं, म्हातारीची नजर बघा! फुलं खुडायची हाताच्या अंतरावर, भाजी निवडायची मांडीवर, सून म्हणून आलात तेव्हा मान खाली घालून चालायचं. लांब बघायची वेळ तुमच्यावर आणली कुणी?

आणि लांबून जी माणसं तुम्हाला हात करायची, त्यांच्याकडे तुम्ही बघून न बघितल्यासारखं करायच्या. मग काय, नाव पडलं! नाकावर माशी बसू देत नाहीत. तोऱ्यात असतात. मीही त्यातलीच एक. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेराहून आले, स्टॉपवर उतरले, तुम्ही फाटकात उभ्या. मी हात केला. तुम्ही सरळ माझ्याकडे बघितलंत आणि वळून आत गेलात. मी पिशवी घेऊन तिथंच रडले. दहा वर्षं ते मनात धरून बसले होते. तुम्ही काही लागट बोललात की ते फाटक आठवायचं, तुम्ही चांगलं बोललात तरी आठवायचं. आणि एम.जी. रोडवरच्या त्या दारात, पाच मिनिटांत, त्या सगळ्याचं माझ्या हातात काहीच उरलं नाही. मी तुमच्याकडे बघत राहिले. एवढ्या धुक्यात या बाईनं मळा चालवला? मुलगा वाढवला? हमरस्ता ओलांडून भाजी विकायला गेली? चालण्यावरून, खोकल्यावरून, मोटारसायकलच्या आवाजावरून माणसं ओळखली, आणि कुणाला पत्ताही लागला नाही?

"ह्योच घे," तुम्ही म्हणालात. "ह्यातून दिसतंय." दीड वर्षाची माझी वही तिथं संपली. मी काळा कॅमेरा घेतला.

पुढच्याच आठवड्यात मी तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नंबर निघाला, चष्मा आला, आणि तो तुम्ही कुठं ठेवलात? देव्हाऱ्यात! बाळकृष्णाच्या शेजारी! "ह्या वयात डोळ्यावर काचा चढवून मिरवू का?" मी कपाळ बडवलं. पण संध्याकाळ झाली की हळूच विचारायच्या, "शैले, ते तुझं यंत्र दे गं जरा." कॅमेऱ्यातून बघितलं तर लोकांना वाटतं फोटो काढतेय, चष्म्यातून बघितलं तर वाटतं म्हातारी झाली, हा तुमचा हिशेब! पुढे वर्षभर तुम्ही ओट्यावर बसून बघत होतात. चामरलेणीच्या डोंगरावरची पायऱ्यांची पांढरी रेघ. कालव्यावरून ओळीत जाणारे बगळे. "पंख हालवत्यात की गं!" मी एकदा म्हटलं, आता बटण पूर्ण दाबा, फोटो निघेल. तुम्ही म्हणालात, "फोटू तू काढ. मला नुसतं बघू दे."

आणि तुमच्यामुळेच मी फोटो काढायला शिकले. मासिकातल्या सूचना बाजूला ठेवल्या. माणूस आपल्याजवळ येऊन चेहरा लावतो, त्याच्या आधीच त्याला बघायचं, हे तुम्ही त्या दारात तुमच्या मुलाकडे बघताना मला दाखवलंत. पहिल्याच महिन्यात मी ह्यांचा फोटो काढला, विहिरीच्या कठड्याला टेकलेले, कुणी बघत नाही असं समजून डोळे मिटलेले. तो बघून मला इतकी माया आली की त्या रात्री माझं त्यांच्याशी भांडायचं राहूनच गेलं.

आता ते सांगते, जे सांगायला हे पत्र लिहितेय.

वैशालीची हळद. माझी पहिली ऑर्डर. त्या दिवशी सकाळी तुम्ही कॅमेरा घेतला होतात, आणि एरवी मी चाक तपासते, तेव्हा घाईत तपासलं नाही. अंगणात वीस-पंचवीस बायका, नवरीला पाटावर बसवलेलं, पहिली सवाष्ण हळद लावायला वाकली, मी डोळा लावला आणि सगळं धुरकट! लेन्स पुसली, बॅटरी काढून घातली. चाक आठवलंच नाही हो. डोक्यात एकच आलं, कॅमेरा पडलाय. तुमच्या हातून पडलाय. आता माझं सगळं संपलं. आणि तुम्ही समोर बसल्या होतात, हातात हळदीची वाटी. मी सगळ्यांदेखत ओरडले, "पाडलात ना? सांगायचं तरी! आजपासून माझ्या कॅमेऱ्याला हात लावू नका!"

सगळ्या बायका तुमच्याकडे वळल्या. तुम्ही म्हणालात, "म्या नाय पाडला, शैले." एकदाच. मग वाटी खाली ठेवून घरी निघून गेलात. मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या, गेल्या रागावून, तोरा बघा." मीही ते ऐकलं, आणि काही बोलले नाही.

मी तशीच अंदाजाने फोटो काढत राहिले. घरी येऊन बघितले, तर एकूण एक फोटो स्वच्छ! चाकाचा संबंध फक्त बघणाऱ्याच्या डोळ्याशी असतो, फोटोशी नसतो. कॅमेऱ्याला खरचटलंही नव्हतं. तुम्ही पाडला नव्हता.

हे मला त्याच दुपारी कळलं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. का? आज लिहिताना मला माझीच चीड येते. आज सांगू, उद्या सांगू, सणाला सांगू. तुम्ही पुन्हा कधी 'यंत्र' मागितलं नाहीत. मी दोनदा तुमच्यापुढे नेऊन ठेवलं, माफी मागायच्या ऐवजी! तुम्ही "असू दे" म्हणालात आणि मेथी निवडत राहिलात. दोन वर्षं गेली. मग तो ताप आला, आठवड्यात सगळं आटोपलं. दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून मी औषधाच्या वेळा बोलले, तेवढंच.

पण तुम्हीही तशाच की! एक शब्द बोलायचा होता. भांडायचं होतं माझ्याशी. तुम्ही भांडला असतात तर मी तिथल्या तिथे पाय धरले असते. एवढा कसला मान, आत्याबाई?

आज सकाळी मी ओट्यावर रडत बसले होते तेव्हा हे बाहेर आले. मी चाक दाखवलं. ते शेजारी बसले आणि त्यांनी कॅमेरा हातात घेतला. मग म्हणाले, "आई रोज दुपारी बघायची. तू मळ्यात गेलीस की कपाटातून काढायची आणि मागच्या दारात उभी राहायची. तू ओरडशील म्हणून मला सांगू नको म्हणाली. झालं की चाक परत फिरवून ठेवायची, खाचा मोजून."

खाचा मोजून! जुडीतली फुलं मोजावीत तशा! दोन वर्षं, आणि मला कधी शंका आली नाही. ताप चढला त्या दिवशी तेवढं परत फिरवायचं राहिलं.

"मागच्या दारातून काय बघायच्या?" मी विचारलं. "तिथून तर डोंगरही दिसत नाही."

"तुला," हे म्हणाले. "खुडणीच्या बायकांत तू असायचीस ना. मला म्हणायची, शैला तिकडं लय हसती रे. घरात असं हसताना म्या तिला कधी पायलं नाय."

आत्याबाई, मी तुम्हाला भीत होते हो. तेरा वर्षं तुमच्यापुढे यायचं म्हटलं की माझा चेहरा आपोआप आखडायचा. आणि तुम्ही माझ्या हसण्यासाठी माझ्याच घरात चोरासारखं कपाट उघडत होतात. मी वळून बघितलं असतं एकदा, तर हात केला असता. या वेळी तुम्हाला दिसला असता.

आता तीन वाजले. तासाभराने त्याच अंगणात त्याच बायका जमतील. मी तुम्हाला शब्द देते, पहिला फोटो काढायच्या आधी मी सगळ्यांसमोर उभी राहणार आणि सांगणार, माझ्या सासूनं कॅमेरा पाडला नव्हता, मी खोटा आळ घेतला. आणि हेही सांगणार, की त्या कुणालाच टाळत नव्हत्या, त्यांना लांबची माणसं दिसतच नव्हती. तुम्ही चष्मा देव्हाऱ्यात ठेवून लपवलंत ते मी चव्हाट्यावर मांडणार म्हणून रागवा हवं तर. पण तुमच्या माघारी एकाही बाईच्या तोंडी तो 'तोरा' राहू देणार नाही. आणि कुणी विचारलंच, की मग दोन वर्षं गप्प का बसलीस, तर खरं तेच सांगेन. मला लाज वाटत होती.

तुमची सून,
शैला